डावा हात, टेबल चार

मिरजेच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात
ओजस दीक्षित भिंतीला टेकून खाली बसला
आणि सिदराममामा साखरेचं पाणी घेऊन आले,
दरवर्षी आणतात तसे.
मी उभी होते. मला काहीच झालं नाही.
तेच तर लपवावं लागलं.
फॉर्मलिननं डोळे झोंबत होते,
त्यात सगळ्यांबरोबर थोडं रडून घेतलं.

कवठेमहांकाळच्या बाजारात आमचं मटणाचं दुकान.
प्रवेशाच्या अर्जावर, वडिलांचा व्यवसाय :
मी 'व्यापार' लिहिलं होतं.
दर रविवारी गल्ल्यावर बसून पाहिलंय
बापूंच्या हाताखाली कातडं कसं सुटतं,
झोपलेल्या पोराचा सदरा काढावा तसं.
"सुरी दाबायची न्हाई," ते म्हणायचे,
"दोन थरांच्या मधी वाट आस्तीच.
आपन पाडायची नसती. घावली की चालायचं."

मुजावर मॅडमनी तेच सांगितलं
शुद्ध भाषेत, सव्वा तास.

आमच्या वाट्याला डावा हात आला.
बाई. वय अंदाजे सत्तर.
देहदान की बेवारस, रजिस्टरात असेल.
मनगटाच्या वर, आतल्या अंगाला हिरवट गोंदण :
दोन ठिपके, आणि त्यांच्याखाली
हौसा.
तिचं नाव, की बहिणीचं,
की सव्वा महिना जगलेल्या एखाद्या लेकीचं.
चीर द्यायची होती कोपरापासून मनगटापर्यंत,
मधोमध.
म्हणजे ठिपक्यांमधून, आणि 'हौ' आणि 'सा'च्या मधून.

माझी चीर अंगठ्याकडे दोन बोटं सरकली.
"सरळ रेघ येत नाही का तुला?"
चुकलं, म्हटलं.
मग कातडं उचललं, एकाच तुकड्यात, कुठं भोक नाही,
मॅडम वाकून बघत राहिल्या.
"कुठं शिकलीस?"
यूट्यूबवर, म्हटलं.

चरबी निघाली तसं आतल्या बाजूनंही नाव दिसू लागलं,
फिकट, आणि उलटं.
हे पुस्तकात नाही :
गोंदणारणीची सुई किती खोल गेली होती ते,
ते नाव आतून वाचायला मी पहिलीच आले होते ते.

एक कंडरा ओढली की एक बोट वाकतं.
अनुजा म्हणाली, सतारीच्या तारा गं!
तिची खोली सतारमेकर गल्लीत आहे, तिला तसं वाटणारच.
मला वाटलं, कुणीतरी जवळ बोलावतंय
आणि कुणाला ते विसरलंय.

मनगटातली एक लांब कंडरा आम्हाला सापडेना.
"काहींना ती नसतेच," मॅडम म्हणाल्या.
"अंगठा करंगळीला लावा, मनगट वाकवा, स्वतःचं बघा."
सगळ्यांच्या मनगटावर दोरी उभी राहिली.
माझ्या डाव्या हातावर काहीच नाही.
"नसली तरी काही अडत नाही," मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या.
नसेलच अडलं. हौसानं, किंवा जी कोण असेल तिनं,
याच हातानं ऊस धरला असेल तोडताना,
कुणाच्या तरी पाठीत सणसणीत धपाटा घातला असेल.

सुट्टीत घरी गेले. दुकान बंद करता करता बापूंनी विचारलं,
"तितं धार कोन लावतं?"
कुणी नाही. पातं बदलतात, जुनं टाकून देतात.
"येवढ्यात?"
बराच वेळ ठोकळा घासत राहिले, मीठ टाकून.
मग, माझ्याकडं न बघता,
"सांजच्याला झाकून ठेवता न्हवं त्यास्नी?"
हो. ओल्या फडक्यानं.
"मग हाय," म्हणाले.

सोमवार. साडेचार. सिदराममामा एकेक दिवा घालवत येतायत.
मी कातडं परत जागेवर बसवते.
नाव सुलट होतं.
मग ओलं फडकं, पाणी पिळून,
आणि कोपरे आत,
बापू दुमडतात तसे.