फॅट, डिग्री, शेरा

अठ्ठावीस वर्षं मी अंकलखोपच्या संकलन केंद्रावर
आंबट पकडायचं काम केलं.
नळीत पाच मिली दूध, पाच मिली स्पिरिट,
अंगठा दाबून एकदा उलटं करायचं.
काचेला कणी चिकटली की कॅन बाजूला.
लोक म्हणायचे, एडक्याचं नाक म्हणजे कोर्ट.
अपील नाही.

आता मृणाल हंकारे, आमच्याच लॅबमध्ये
विरजणातले जंतू मोजायची ती पोरगी,
मिरज रस्त्याला लायसन काढून बियर करते, तीही आंबट,
आणि रविवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी
मला समोर बसवून म्हणते, काका, द्या निकाल.
स्पिरिट घालून आंबट शोधणारा माणूस
स्पिरिटातलं आंबट शोधत बसलाय.
घरी सांगितलंय, मशिनरी बघायला जातो.

वही तीच, डेअरीची उरलेली.
फॅट, डिग्री, शेरा.
फॅटच्या रकान्यात फेस लिहितो.

एक नंबर. चिंच.
गाभुळलेली पाहिजे होती,
ही पोरांनी दगड मारून पाडलेली.
दात आंबले. साडेपाच.

दोन. तासगावचा बेदाणा, वर मीठ.
आधी वाटलं, कुणाचा तरी घाम.
तिसऱ्या घोटाला सौदा पटला. आठ.
धुरी जास्त बसलीय, व्यापारी बदल.

तीन. हळद.
मृणाल, सांगलीत राहतो म्हणून
सगळ्यात हळद घालायची नसते.
खरचटलं तर लावीन.

चार. करवंद.
रंग लग्नाच्या फोटोत उठून दिसेल असा.
चव नव्या जावयासारखी:
येते, बसते, काही बोलत नाही.

पाचला नुसता वास घेतला आणि गप्प बसलो.
ती म्हणाली, तिकडं ह्याला घोड्याच्या पाठीवरचं कांबळं म्हणतात.
म्हटलं, घोडा कुणी बघितलाय?
ही ओली घोंगडी आहे,
मेंढरं पुढं गेल्यावर तळावर राहिलेली.
सात. दुसऱ्या घोटाला साडेसात.

सहावी बाटली बिनलेबलची.
ह्यात मी काहीच घातलं नाही, ती म्हणाली.
जानेवारीत कढत रस पसरट भांड्यात ओतून
रात्रभर गच्चीवर उघडा ठेवला, नदीच्या अंगाला.
जे यायचं ते आलं. मग दीड वर्षं पिंपात.

म्हणजे हवेचं विरजण.
मी घोट घेतला
आणि मला कॅनचं झाकण ऐकू आलं.

मार्चअखेर, संध्याकाळची पाळी.
एस.टी. आली नाही म्हणून उन्हातनं चालत आलेल्या
कोंडाबाई वाघमोड्यांचं चार लिटर. नळीत कणी.
मी लिहिलं, आंबट. त्यापुढं, परत.
ती भांडली नाही. चुंबळ नीट केली,
कॅन डोक्यावर घेऊन मळीच्या वाटेनं गेली.

दुसऱ्या दिवशी दुधासोबत एक डबा.
त्याचंच केलंय, म्हणाली,
काय म्हणायचं त्याला ते ठाऊक नाही,
पण पोरांनी ताट चाटलं. तुम्ही बघा की.
झाकणाच्या फटीतून असाच वास येत होता,
ओला दगड, फणसाची साल, लांबचा गोठा
आणि मागून काहीतरी एकदम स्वच्छ.
उत्पादकाकडून काही घ्यायचं नाही, असा नियम होता.
भिंतीवर लावलेला. खाली सही माझीच.
मी हात मागं घेतला.
तिनं डबा पदरानं पुसला, पुसण्यासारखं काही नसताना.

मृणाल विचारतेय, किती?
म्हटलं, हिला आकडा बसत नाही.
खराब आहे का?
नाही गं. तुलनेला काहीतरी चाखलेलं लागतं.
ते मी चाखलं नव्हतं.

तिला काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.
शेऱ्याच्या रकान्यात सवयीनं हात गेला.
आंबट. त्यापुढं, परत.
ती वाकून वाचत होती, तिचा चेहरा पडला.

अगं, म्हटलं, ग्लास पुढं केला,
भर.