सोबतीचा डबा

मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे साडेपाच.
अशोक चौकातून शेअर रिक्षा.
यांच्या मांडीवर फाइल, माझ्या मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
चार तास यांचं रक्त यंत्रातून फिरतं.
तेवढ्यात जिन्याखाली, वॉचमनची नजर चुकवून,
माझ्या तीनशे विड्या होतात.

सोलापुरात नळ पाच दिवसांतून एकदा येतो.
आमच्या घरचा नियम त्याहून कडक:
दिवसाला पाऊण लिटर, गोळ्यांच्या घोटासकट.
स्टीलच्या पेल्यावर मी नेलपेंटनं रेघ मारलीय.
एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला
तेव्हा हे रेघेकडे बघत बसायचे, माझ्याकडे नाही.
मी शेजारी गज्जमच्या घरी जाऊन पाणी पिते,
तोंड पुसून येते,
चोरी करून आल्यासारखी.

पैशाचं म्हणाल, तर
दर फेरीचे निम्मे ट्रस्ट भरतं.
त्यासाठी रेशनकार्ड, तहसीलचा दाखला, चार फोटो,
आणि एक वाक्य, कारकुनानं सांगितलेलं:
मी गरीब असून माझा अर्ज मंजूर व्हावा ही विनंती.
तेलुगु शाळेत शिकलेली मी,
‘गरीब’ची वेलांटी पहिली की दुसरी
ते त्यालाच विचारून लिहिलं.

पहिल्या दिवशी यंत्रावर यांना थंडी भरली.
बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते, आत हे कुडकुडत होते.
ट्रस्टच्या पोरानं कपाटातून चादर काढून दिली,
कोपऱ्यात शिक्का: दानार्थ.
यांनी मोकळ्या हातानं काठ उलटा केला,
अंगठ्यानं वीण चाचपली,
तेवीस वर्षं जकार्ड मागावर उभा राहिलेला माणूस.
“इथं ताण्याचा एक धागा सुटलाय,” म्हणाले,
“रात्रपाळीचा माल हाय.”
मग तीच गळ्यापर्यंत ओढून घेतली.

दाराशी संगमरवरी पाटी आहे, दात्यांच्या नावांची.
तीत महानंदाबाई बिराजदार नाहीत.
त्या साडेदहाला येतात, दोन पिशव्या घेऊन.
लाल झाकणाचे डबे पेशंटचे:
दोनदा उकळून पाणी फेकलेली भाजी, अळणी चपाती.
पांढऱ्या झाकणाचे सोबतीचे.
खिडकीजवळच्या खाटेवर त्यांचा मुलगा असायचा, तीन वर्षं.
हे सिस्टरनं सांगितलं. बाईंनी कधीच नाही.

यांचं कसं आहे, ते सगळेच विचारतात.
क्रिएटिनिन किती, फिस्टुला चालतोय का,
भाऊ किडनी देतोय की नाही.
बाई म्हणाल्या, “काय करालीस गं? जेवलीस का न्हाई?”
आणि मी काही बोलायच्या आत झाकण उघडलं.

कडक भाकरी. शेंगाचटणी, वर तेलाची धार.

आठ महिने मी घरात शेंगदाणा आणला नव्हता.
यांना चालत नाही, म्हणून मलाही चालत नाही,
हे मीच ठरवलेलं, कुणी सांगितलं नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून खाल्लं.
भाकरी कडाकडा मोडली तर वरपर्यंत ऐकू जाईल,
म्हणून तुकडा तोंडातच धरून मऊ केला.
रडूबिडू आलं नाही. तिखट लागलं.
नळाखाली ओंजळ धरली
आणि पीत राहिले,
रेघ नसलेलं पाणी.

हात साबणानं दोनदा धुऊन वर गेले.
वाटलं, यांचा डोळा लागलाय.
यांनी माझा हात ओढला, नाकाशी नेला.
तंबाखू. साबण. त्याच्याही खाली कुठंतरी,
बराच वेळ शोधत राहिले.
“बाईंना सांग,” डोळे न उघडता म्हणाले,
“लसूण जरा जास्त पडलाय.”

हात काही सोडला नाही.
त्या दिवशी शंभरेक विड्या कमी भरल्या.