जवारी

पुतण्यानं पुण्याहून टोपलीतून आणली.
"चाचा, अस्सल सयामी. बारा हजार."
मी लाखेचा हात मारत होतो, मान वर केली नाही.
भीमाकाठचे भोपळेही अस्सल म्हणूनच येतात,
टिचकी मारल्यावर कळतं.

पण ती घुरघुरायला लागली आणि हात थांबला.
तारेखालचं सूत नेमक्या जागी सरकलं
की तंबोरा बोलायला लागतो, तसं.
नाव तिथंच पडलं.

सांगलीला, विश्रामबागेत, डॉक्टर आवटीबाई म्हणाल्या,
"सयामी नव्हे ही, मिस्त्री.
सयामी म्हणजे पाचरीसारखं तोंड, मोठाले कान,
अंगाला चिकटलेले केस, आणि दिवसभर तक्रार.
नाक आत दबलेलं असतं तर हिमालयन म्हणाले असते,
आणि आधी मूत्रपिंडं बघितली असती,
त्यांच्यात पाण्याचे फोड पिढीजात येतात.
पायांत पांढरे मोजे बघून बर्मन वाटेल,
पण बर्मनची हनुवटी पांढरी नसते.
हिची बघा, आत्ताच दुधातून काढल्यासारखी."
मग उचललं तिला.
ती हातावर ओल्या पंचासारखी लोंबली.
"रॅगडॉल असावी. कागद नाहीत, म्हणून कान लावते."

आणि लावला.
मी ओळखतो ती मान कलती करणं.
खर्जात काहीतरी कणभर उतरलेलं असलं
की आमच्याकडंही माणूस असाच गप्प होतो.

छातीवरचे केस भादरून मशीन लावलं.
गालातून कापसानं लाळ घेतली, लांब कुठंतरी पाठवली.
काळजाची भिंत थोडी जाड.
दोष एकाच बाजूनं आलेला,
आईच्या की बापाच्या, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.
"दोन्हीकडून असता तर जास्त वाईट.
असा कदाचित म्हातारी होईपर्यंत गप्पही बसेल.
दर वर्षी आणा. पिल्लं मात्र नकोत."
मी म्हटलं, भोपळा जाड निघाला
तर आम्ही आतून खरवडतो.
बाई हसल्या नाहीत.
"इथं आत हात जात नाही."

ही पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीच असतात म्हणे.
पोटात ऊब सगळीकडं सारखी.
बाहेर आल्यावर जिथं गार लागतं तिथं रंग चढतो,
कान, नाक, शेपटाचं टोक.
त्या डिसेंबरात, जिथं वस्तरा फिरला होता,
तिथं नवे केस काळसर आले.
काळजावर, बरोब्बर, एक डाग.

अब्बा शेहेचाळीसचे होते.
पटाशी हातात, मांडीवर अर्धा कोरलेला भोपळा,
आणि नुसतेच पुढं झुकले.
हवा लागली, म्हणाले सगळे.
मिरजेत दर चौथ्या दारावर दवाखान्याची पाटी.
साठ वर्षं मी त्या पाट्यांखालून
तंबोरे खांद्यावर घेऊन गेलो.
परवा पहिल्यांदा आत गेलो. शर्ट काढला.
जेल गार होतं.

कालच एकजण दारात आला,
असले निळे डोळे, एक तरी वेत होऊ द्या म्हणाला.
ऑपरेशन झालंय, सांगितलं.
तो हळहळला. मी चहा विचारला नाही.

आता ती भोपळ्याच्या अर्ध्या कवचात झोपलीय,
कवच तिच्याबरोबर बारीक गुणगुणतंय.
माझा रिपोर्ट पॉलिशच्या डब्याखाली आहे.
मुन्तजिरला फोन करायचाय,
तो एकतीसचा, बायको पोटुशी.
पहिलं वाक्य लागत नाही अजून.
खुंटी पिळतो,
सोडतो.