गोल फिरतंय

उभादांड्यात मला अजून केबलवालोच म्हणतात.
केबल कधीच उतरवली.
माडामाडांतून ओढलेली ती काळी वायर
गुंडाळून भंगारात दिली, किलोवर.
थोडी इनासने मागून नेली,
होडी बांधायला बरी, म्हणाला,
खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही.
आणि गच्चीवरची मोठी छत्री,
जिच्यातून अख्ख्या वाडीला मी
क्रिकेट आणि सासवा पुरवल्या,
तिच्यात बायको आता आमसुलं वाळवते.
लालभडक तोंड करून
छत्री आभाळाकडे बघत बसते,
अजून काही पकडत असल्यासारखी.

आता मी डबे बसवतो.
साबणाच्या वडीएवढा डबा,
केसाहून बारीक काचेचा धागा,
महिन्याचे एकशे एकोणपन्नास
आणि त्यात आपल्या भाषेतली मालिका.
आपल्या म्हणजे कोणाच्या,
ते कंपनीच्या कागदावर नव्हतं.

द्रौपदी गिरपांच्या माजघरात
पहिल्या भागाला तेरा माणसं, एक मांजर.
पहिल्याच वाक्याला वाद.
‘ह्यां खंयचां मालवणी?’ काकी म्हणाली,
‘असां कोण बोलता?’
देवगडची सून म्हणाली, आमच्यात कशाक म्हणतत.
शिरोड्याची म्हणाली, कित्याक.
निवतीचा पाहुणा भाषेचं सोडून
होडीवर घसरला:
भर ओहोटीला अशी ढकलतं का कोण?
आणि इनास, जो लग्नातही बोलत नाही,
उंबऱ्यावरून म्हणाला,
‘आमची भाषा टीव्हीवर इली
की कोणतरी गाळी घालता, नायतर हसयता.
रडता खंय कोण?’

तरी सगळे बघत.
चुका मोजत बघत.
मला रात्री नऊला फोन येत:
केबलवाल्या, तोंड पुढे, आवाज मागे.
केबलवाल्या, गोल फिरतंय.
मी जेवत्या ताटावरून उठायचो,
बॅटरी, कटर, शिडी,
पाणंदीतून स्कूटर.

अकराव्या भागात होडी परतली नाही.
मी तिथेच होतो, रिमोटचे सेल बदलायला आलेलो.
पडद्यावरच्या बाईने छाती बडवली नाही,
कोणाचं नाव घेतलं नाही.
चुलीपाशी बसून
राखेत बोटाने काहीतरी काढत म्हणाली,
‘जेवान झाकून ठेवलंय...’

आणि गोल.

बाईचं तोंड अर्धं उघडं.
मधोमध ते पांढरं कडं, फिरतंय, फिरतंय.
तेरा माणसांपैकी एकाने मला हाक मारली नाही.
डब्याची पिन माझ्या हाताच्या अंतरावर होती,
काढून लावली की बहुतेक वेळा चालतं.
मी काढली नाही.

फयानच्या वर्षापासून
काकीच्या पडवीत एक रबरी चप्पल आहे,
उजव्या पायाची, पुरुषाच्या मापाची.
तिच्याविषयी वाडीत कोणी विचारत नाही.
काकी पडद्याकडे बघत म्हणाली,
‘निवलां तरी चलात. तू ये.’

मग बराच वेळ पंखाच बोलत होता.

‘सार वायला ठेवलंय वाटीत,’ देवगडची सून म्हणाली.
‘दिवो पालवूक नाय,’ शिरोड्याची.
पालवणं म्हणजे काय
ते देवगडच्या सुनेने विचारलं नाही.
उंबऱ्यावरून इनास,
‘कडी लावूक नाय हां दाराक.’
निवतीचा पाहुणा तोंड धुवायला उठला
तो विहिरीवरच राहिला.

सकाळी सापडलं.
गोवेकरांच्या फणसाजवळ धागा तुटलेला,
दोन टोकं वाऱ्यावर, मधे हातभर काही नाही.
मी सोलला, पुसला, जोडला.
तेवढ्यात काकी शेणी घेऊन तिथून गेली,
‘झालां काय रे?’ एवढंच.
तो भाग तिने पुन्हा लावला नाही.
दुसऱ्यांनी लावला.
त्यात बाई म्हणे पुढे तिसरंच काही बोलते.
चुकलां तां, असं वाडीचं मत पडलं,
आणि ते अजून बदललेलं नाही.

कंपनीच्या वहीत मी लिहिलं:
ठिकाण, गोवेकरांचा फणस.
सेवा बंद, रात्रभर.
तक्रारी, एकही नाही.
कारण, खार.