घडीच्या आत

मार्केट यार्डाच्या मागं, बेदाण्याच्या सौद्याचा गलका विरतो तिथं
माझं दुकान. एक संगणक, एक प्रिंटर,
लेबलं करून मिळतील.

बिरनाळेअण्णा पाकिटाचा नमुना घेऊन आले.
सोनेरी बेदाणा, द्राक्षाचा घड, वर 'निसर्गाची गोडी'.
ते दोनशेवीस नंबरचं घाल कुठंतरी, म्हणाले.
कुठं?
घडी पडते तिथं.
कायदा छाप म्हणतो, दिसू दे कुठं म्हणतो?

मी अक्षर बारीक केलं.
आणखी बारीक.
मुंगीनं पाय दुमडून बसावं एवढं.
बारा वर्षांत हा हात चांगला बसलाय.

दोनशेवीस म्हणजे गंधकाचा धूर.
शेडमध्ये कोंडला की बेदाणा काळा पडत नाही.
निवडायला बसलेल्या बायका पदरात खोकतात,
त्यांच्या पाठीवर कुठलाच नंबर नसतो.

सोमवारी मी बिलाचे पैसे मागायला गेलो,
तर अन्न निरीक्षक तांबोळीबाई आलेल्या.
नमुन्याचे चार भाग, चार सह्या,
लाखेचा वास सगळ्या गाळ्यात.
मग चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी नखानं घडी उलगडली.
"हे कुणी जुळवलं?"
अण्णा माझ्याकडं बघत होते.
मी लाखेकडं.
"पट्टी आहे ना दुकानात?
मग मिलिमीटर मोजायचे."
एवढंच. पावती फाडून गेल्या.

रात्री बायकोच्या डब्यांमागची पाकिटं काढली.
फरसाण, सॉस, पोराचा जेलीचा कप.
तिसऱ्याच्या घडीत माझीच मुंगी.

सकाळी नवं प्रूफ अण्णांपुढं ठेवलं.
"एवढं मोठं?" ते म्हणाले,
"गिऱ्हाईक वाचंल की!"