व्यवसाय सुरू केल्याची तारीख

घणसोली गावात, गावदेवीच्या मागे,
मेडिकलच्या डोक्यावर तेजल मढवीचं ऑफिस.
पाटीवर : ‘सर्व प्रकारची नोंदनी करून मिळेल.’
हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला
आणि परत आला.
खाली वडील बसले होते, खुर्ची टाकून.
पाटी त्यांनीच रंगवली म्हणाले, तीन रंगांत.
मी तो न तसाच ठेवून जिना चढले.

काम काय करता, ताई?
मुद्रितं तपासते.
म्हणजे?
म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या वेलांट्या जागेवर आणते.
पानाला बारा रुपये.
दिवाळी अंकांना चौदा,
ते हातात पडतात शिमग्याला.

जीएसटी नको तुम्हाला, ती म्हणाली,
वीस लाखांच्या खाली आहात.
वीस लाख!
मी सवयीनं भागाकार केला :
वर्षाला एक लाख सहासष्ट हजार पानं.
एवढं लिहू नका रे कुणी, माझे डोळे जातील.

पण हा दुसरा, व्यवसाय कर.
वर्षाचे अडीच हजार, आणि याला खालची पायरीच नाही.
स्वतःचं काम करता ना? मग भरायचा.
किती मिळतात ते विचारत नाही तो.
म्हटलं, बरा आहे मग,
आमच्याकडे लग्नकार्यात आधी तेच विचारतात.
अडीच हजार म्हणजे दोनशे आठ पानं नि वर थोडं.
दरवर्षी एक कादंबरी
सरकारच्या नावानं तपासायची,
जोडाक्षरांसकट.

आधार झालं, पॅन झालं, वीजबिल झालं
(ते ह्यांच्या नावावर, त्याचं संमतिपत्र झालं),
मग तिची बोटं थांबली.
व्यवसाय सुरू केल्याची तारीख?

तारीख.
कोपरखैरण्याला वाघचौऱ्यांच्या लग्नपत्रिकेत
मी ‘आर्शिवाद’चा रफार मागं ढकलला,
त्याचे पेढे आले होते. ते धरायचे का?
की जांभळी नाक्याच्या छापखान्यात
कामथेकरांनी ड्रॉवरमधून काढून दिलेले एकशे दहा रुपये,
ज्यातली पन्नासची नोट फाटकी होती
आणि तरी मी बदलून मागितली नाही?
की शाळेनं आमची विनाअनुदानित तुकडी बंद केली
तो सोमवार,
जेव्हा मी याला हौस म्हणणं थांबवलं?
नणंद अजून सांगते लोकांना,
वहिनी घरी बसून काहीतरी करते.

उशिराचा दंड असतो, तेजल म्हणाली,
दिवसाला दोन रुपये, आणि मागचा कर वेगळा.
एक एप्रिल टाका. सगळे तेच टाकतात.

दिवसाला दोन रुपये.
अकरा वर्षांचे आठ हजार तीस, लीप वर्षं सोडून.
मला राग यायला हवा होता.
पण त्या ‘काहीतरी’च्या एकेका दिवसाला
कुणीतरी भाव लावला होता,
रविवार धरून, तापात काढलेले दिवस धरून,
आईच्या खाटेशी बसून
अनुक्रमणिका जुळवली ते तीन दिवसही धरून.

खिडकीखाली पाण्याचा टँकर मागे येत होता,
कुणीतरी ओरडत होतं, आन दे, आन दे.
पर्समध्ये चार हजार दोनशे होते.
त्यातून गॅस जायचा होता.

एक एप्रिल टाक, म्हटलं.
आज ही दुसरी चूक
दिसत असून ठेवलेली.

पावती निघाली. नावाचं स्पेलिंग मी तीनदा वाचलं.
तेजलनं तिचे पाचशे घेतले
आणि शंभर परत केले, का ते नाही सांगितलं.
खाली वडिलांनी विचारलं, झाली नोंदनी?
झाली, म्हटलं.

घरी आले तर नव्या कादंबरीचा गठ्ठा दाराशी.
पहिल्याच ओळीत ‘सुरवात’.
दोन्ही चालतं, असं म्हणणारे आहेत.
हात धुतले, दिवा लावला,
आणि र ला उकार दिला.