गिझेपचा अंगठा

एंगाडिनच्या उतारावर
देवदाराच्या गोतातलं एक झाड,
चाळीस वर्षांत जेमतेम माणसाएवढं.
गिझेप त्याच्या फळीवरून हात फिरवतो,
वलयं मोजतो, पणजोबाच्या बारशापाशी अडतो.
"ह्याला घाई माहीतच नाही," म्हणतो
आणि हातोडा अंगठ्यावर.

बार्ला काही बोलत नाही.
फडताळातून बाटली काढते.
मागच्या जुलैतली अर्निका:
शेवंतीच्या माहेरची, पिवळी, केस विस्कटलेली,
गाईंनीही तोंड न लावलेली.
पंधरा दिवस फुलली असेल, फार तर.

अंगठा काळानिळा. खोलीत वास दोन,
एक राळेचा,
एक दारूत मुरलेल्या उन्हाचा.
ठणका तिच्या बोटांखाली उतरत जातो.

फळी तशीच पडून.
तिला काय,
ती थांबेल.